नव्या गेममध्ये जुना हात: माउसची सेन्सिटिव्हिटी एका शूटर गेममधून दुसऱ्या गेममध्ये कशी न्यावी

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये वर्षभर खेळून हात चांगला बसलेला असतो. कोपऱ्यावरून कोणी डोकावले, तर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेली नेमाची खूण, विचार करण्याआधीच त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचते. मग मित्रांच्या आग्रहाखातर व्हॅलोरंट सुरू करावे आणि तोच हात अचानक परका वाटू लागावा, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक नवख्या खेळाडूला येतो. दोन्ही गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकवल्यावर पात्र किती वळावे हे ठरवणारा मेनूतला आकडा, १ ठेवलेली असते, तरीही व्हॅलोरंटमध्ये माउस जरासा सरकवला की पात्र गर्रकन फिरते आणि शत्रूकडे पाठ करून उभे राहते. खेळाडू आकडा अंदाजाने कमी करत जातो, चार दिवस तो बरा वाटतो, पाचव्या दिवशी पुन्हा बदलतो, आणि शेवटी दोन्ही गेममधला नेम बिघडतो. हा सगळा खटाटोप दहा मिनिटांच्या गणिताने टाळता येतो. ते गणित कसे करायचे आणि ते कोठे अपुरे पडते, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

मुख्य गोष्ट आधी लक्षात घ्यावी. मेनूमधला सेन्सिटिव्हिटीचा आकडा हे कोणतेही सर्वमान्य माप नाही. खरे माप माउसपॅडवर असते: गेममधल्या पात्राने स्वतःभोवती एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश, घ्यावी यासाठी माउस किती सेंटीमीटर सरकवावा लागतो, ते अंतर. हाताचे स्नायू हेच अंतर ओळखतात. एका गेममधून दुसऱ्या गेममध्ये न्यायचे ते हे अंतर आहे. आकडा आपोआप वेगळा येणार, आणि तो वेगळा येणेच बरोबर आहे.

आकड्याच्या मागे काय घडते

माउस सरकतो तेव्हा तो संगणकाला अंतर सांगत नाही, तो फक्त ठोके मोजून पाठवतो. या ठोक्यांना काउंट म्हणतात. माउसचा डीपीआय ८०० असेल, तर एक इंच सरकल्यावर तो ८०० काउंट पाठवतो. गेम प्रत्येक काउंटला सेन्सिटिव्हिटीने आणि स्वतःच्या एका ठरलेल्या अंशमूल्याने गुणतो, आणि येईल तितक्या अंशांनी पात्राचे तोंड फिरवतो. या अंशमूल्याला खेळाडूंच्या बोलीत यॉ म्हणतात.

यॉ प्रत्येक गेमच्या इंजिनात, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो त्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, आधीच ठरलेले असते. १९९६ साली आलेल्या क्वेक या गेममध्ये ते ०.०२२ अंश होते. क्वेकच्या इंजिनावरून हाफ-लाइफचे इंजिन तयार झाले, त्यावर काउंटर-स्ट्राइक उभे राहिले, पुढे त्याच घराण्यातले सोर्स इंजिन आले, आणि त्यात फेरफार करून एपेक्स लेजंड्स बनवले गेले. म्हणूनच काउंटर-स्ट्राइक २ आणि एपेक्स यांचे स्वरूप इतके वेगळे असूनही दोघांचे यॉ आजही ०.०२२ आहे आणि एकाचा आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा चालतो. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: जवळजवळ तीस वर्षांपूर्वी निवडलेली एक संख्या आजच्या खेळाडूच्या मनगटात टिकून आहे. व्हॅलोरंट मात्र अनरियल इंजिनावर बनले असून त्याचे यॉ ०.०७ आहे. ओव्हरवॉच आणि अलीकडचे कॉल ऑफ ड्यूटी गेम यांचे यॉ ०.००६६ आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या गोंधळाचा उलगडा येथेच होतो. ०.०७ ला ०.०२२ ने भागले की ३.१८ येते. म्हणजे सेन्सिटिव्हिटी १ असताना व्हॅलोरंटमधले पात्र काउंटर-स्ट्राइकमधल्या पात्रापेक्षा तिपटीहून अधिक वेगाने फिरते.

पहिली पायरी: पाया स्वच्छ करणे

गणित करण्यापूर्वी माउस आणि गेम यांच्यामध्ये दुसरे काही ढवळाढवळ करत नाही, याची खात्री करावी लागते. ही पायरी कंटाळवाणी असल्याने अनेक जण ती वगळतात आणि नंतर गणित चुकले असे समजतात.

विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाचा पर्याय असतो. नावावरून तो नेमकेपणा वाढवणारा वाटतो, प्रत्यक्षात तो वेगवृद्धी आहे: माउस झपाट्याने सरकवला तर तेवढ्याच अंतरात कर्सर जास्त दूर जातो. तो बंद करावा आणि पॉइंटरचा वेग मधल्या खुणेवर ठेवावा. गेममध्ये रॉ इनपुटचा पर्याय असेल तर तो चालू करावा, कारण मग गेम विंडोजच्या या सेटिंगना वळसा घालून थेट माउसकडून काउंट घेतो. गेमच्या स्वतःच्या मेनूत माउस अॅक्सलरेशन किंवा माउस स्मूदिंग दिसले, तर तेही बंद करावे.

नंतर डीपीआय निश्चित करावा. बहुतेक गेमिंग माउसवर चाकाच्या मागे एक बटण असते, ज्याने डीपीआय ४००, ८००, १६०० असा बदलतो, आणि खेळाच्या भरात ते नकळत दाबले जाते. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच टप्पा ठेवून बाकीचे काढून टाकावेत. ८०० हा आकडा नवख्यांसाठी सोयीचा आहे. डीपीआय कोणताही असला तरी त्याचा आणि सेन्सिटिव्हिटीचा गुणाकार कायम राहिला पाहिजे: ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी २ असताना लागणारे अंतर ८०० आणि १ असताना लागणाऱ्या अंतराइतकेच असते. गेमिंग कॅफेमध्ये खेळणाऱ्यांनी बसल्या बसल्या सर्वप्रथम डीपीआय तपासावा. तिथल्या माउसवर आधीच्या खेळाडूने काय ठेवून दिले आहे, हे मेनूतल्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

दुसरी पायरी: आपले अंतर काढणे

ज्या गेममध्ये हात बसला आहे, त्याचे आकडे या सूत्रात घालावेत:

एका फेरीचे सेंटीमीटर = ९१४.४ ÷ (डीपीआय × सेन्सिटिव्हिटी × यॉ)

यातील ९१४.४ म्हणजे ३६० गुणिले २.५४. फेरीचे अंश आणि इंचाचे सेंटीमीटर त्यात एकत्र आले आहेत. ८०० डीपीआय आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर ८०० × १ × ०.०२२ म्हणजे १७.६ होतात, आणि ९१४.४ ला १७.६ ने भागले की जवळजवळ ५२ सेंटीमीटर येतात. हे ५२ सेंटीमीटर कोठेतरी लिहून ठेवावेत. पुढे कितीही गेम बदलले तरी पुन्हा पुन्हा लागणारी संख्या हीच आहे.

ज्यांचा हात अजून कोणत्याच गेममध्ये बसलेला नाही, त्यांनी येथेच एक अंतर निवडावे. दबा धरून, नेम साधून खेळायच्या गेममध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटमध्ये, ३५ ते ६० सेंटीमीटरच्या दरम्यानचे अंतर बहुतेकांना मानवते. निवडताना पॅडची रुंदी पाहावी. मागे वळण्यासाठी निम्मी फेरी लागते, आणि तेवढे अंतर माउस न उचलता पॅडवर मावले पाहिजे. २५ सेंटीमीटर रुंदीच्या छोट्या पॅडवर ५२ सेंटीमीटरची निवड करणाऱ्याला मागे वळताना दर वेळी पॅडचा काठ लागेल. त्याने पॅड मोठे घ्यावे किंवा अंतर कमी करावे. मी स्वतः पॅड मोठे घेण्याचा सल्ला देईन, कारण लांब अंतरामुळे बारीक हालचालीत मिळणारा नेमकेपणा नवख्या हाताला फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: नव्या गेमचा आकडा काढणे

डीपीआय तोच ठेवल्यास सूत्र आणखी सोपे होते: जुनी सेन्सिटिव्हिटी गुणिले जुने यॉ, भागिले नवे यॉ. काउंटर-स्ट्राइकमधील १ साठी व्हॅलोरंटमध्ये ०.३१४ येते आणि ओव्हरवॉचमध्ये ३.३३ येते. एपेक्समध्ये १ तसाच राहतो. उलट दिशेने जाताना व्हॅलोरंटचा आकडा ३.१८ ने गुणला की काउंटर-स्ट्राइकचा मिळतो. व्हॅलोरंटमध्ये ०.४ ठेवून खेळणाऱ्याला काउंटर-स्ट्राइकमध्ये १.२७ लागेल.

दशांशांची फार चिंता करू नये. व्हॅलोरंटमध्ये नेमका आकडा ०.३१४३ असला आणि आपण ०.३१४ ठेवला, तर ५२ सेंटीमीटरच्या फेरीत फरक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. तेवढा फरक कोणत्याही हाताला जाणवत नाही.

ईडीपीआय या मापाबद्दल मात्र सावध राहावे. डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी यांच्या गुणाकाराला ईडीपीआय म्हणतात, आणि नामवंत खेळाडूंचे ईडीपीआय पाहून आपला आकडा ठरवण्याची पद्धत रूढ आहे. पण ईडीपीआयमध्ये यॉ धरलेले नसते, त्यामुळे तो एकाच गेमच्या खेळाडूंची तुलना करण्यापुरता कामाचा आहे. काउंटर-स्ट्राइकमधला ८०० आणि व्हॅलोरंटमधला २५१ हे एकाच अंतराचे दोन आकडे आहेत.

काही गेममध्ये काढलेला आकडा मेनूत बसतच नाही. रेनबो सिक्स सीज हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथल्या मेनूत फक्त पूर्णांक चालतात आणि काउंटर-स्ट्राइकच्या १ साठी ३.८४ यायला हवे. ४ ठेवले तर फेरी ५२ ऐवजी सुमारे ५० सेंटीमीटरची होते, ३ ठेवले तर ती ६६ च्या पुढे जाते. यावर उपाय आहे. डॉक्युमेंट्समधील ‘माय गेम्स’ या फोल्डरमध्ये सीजची ‘गेमसेटिंग्ज’ नावाची आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंग साठवणारी साधी मजकुराची फाइल, असते, आणि तिच्यात माउस सेन्सिटिव्हिटीचा मल्टिप्लायर युनिट नावाचा एक गुणक असतो, जो सुरुवातीला ०.०२ असतो. परिणाम या गुणकाच्या आणि मेनूतल्या आकड्याच्या गुणाकारावर ठरतो. ३.८४ गुणिले ०.०२ म्हणजे ०.०७६८, आणि गुणक ०.००६४ करून मेनूत १२ ठेवले तरी गुणाकार ०.०७६८ येतो. गेम बंद असताना फाइल बदलावी, आणि आडव्या व उभ्या हालचालीचे दोन्ही आकडे सारखेच ठेवावेत.

चौथी पायरी: पट्टीने पडताळणे

गणित कागदावर बरोबर आले तरी पडताळणी वगळू नये. कंपासपेटीतली ३० सेंटीमीटरची पट्टी पुरेशी आहे. सरावाच्या नकाशात जाऊन क्रॉसहेअर भिंतीवरच्या एखाद्या बारीक खुणेवर ठेवावे, पट्टी पॅडवर आडवी धरून माउसची एक कड तिला टेकवावी, आणि माउस पट्टीच्या आधाराने सावकाश सरकवत न्यावा, म्हणजे तो तिरका जाणार नाही. क्रॉसहेअर पूर्ण फेरी घेऊन पुन्हा त्याच खुणेवर आले की अंतर वाचावे.

५२ सेंटीमीटर पट्टीवर मावत नाहीत, आणि मध्ये माउस उचलून ठेवला की मोजमापात चूक शिरते. म्हणून मोजण्यापुरती सेन्सिटिव्हिटी दुप्पट करावी. मग फेरी २६ सेंटीमीटरमध्ये पूर्ण व्हायला हवी. मोजून झाल्यावर आकडा परत निम्मा करण्यास विसरू नये.

ज्या गेमचे यॉ माहीत नाही, तिथेही हीच पट्टी कामी येते. समजा, नव्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी ५ असताना एक फेरी २८ सेंटीमीटरमध्ये झाली आणि आपल्याला ५२ हवे आहेत. तर ५ गुणिले २८ भागिले ५२, म्हणजे सुमारे २.६९ हा आकडा ठेवावा. काही गेममध्ये स्लायडर समप्रमाणात वाढत नाही, म्हणून नवा आकडा ठेवल्यावर अंतर पुन्हा एकदा मोजावे आणि लागल्यास तेच गणित नव्या मोजमापावर आणखी एकदा करावे. दोन-तीन फेऱ्यांत आकडा जागेवर येतो.

पाचवी पायरी: स्कोपमधली सेन्सिटिव्हिटी

सर्वांत जास्त गैरसमज याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, लावल्यावर दृश्यकोन, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याचा कोन, अरुंद होतो आणि सगळे मोठे दिसते. फेरीचे अंतर तेच ठेवले, तर मोठ्या झालेल्या चित्रावर क्रॉसहेअर फार वेगाने पळताना दिसेल. म्हणून स्कोपमध्ये फेरीचे अंतर जुळवायचे नसते. पडद्याच्या मध्यभागी, क्रॉसहेअरच्या आसपास, लक्ष्य पडद्यावर जितके सरकलेले दिसते तितकेच ते स्कोपमध्येही सरकावे, हे जुळवायचे असते. त्यासाठी दोन्ही दृश्यकोनांच्या अर्ध्या कोनांच्या टॅनचे गुणोत्तर घ्यावे लागते. शाळेत शिकलेली त्रिकोणमिती येथे थेट उपयोगी पडते.

काउंटर-स्ट्राइकमध्ये साधा दृश्यकोन ९० अंश आणि एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीच्या पहिल्या झूमचा ४० अंश आहे. टॅन २० भागिले टॅन ४५ म्हणजे ०.३६४. स्कोपमधला वेग साध्या वेगाच्या ०.३६४ पट असावा. पण मेनूतला झूम सेन्सिटिव्हिटीचा गुणक १ असताना गेम स्वतः ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४ पट इतका वेग देतो. ०.३६४ ला ०.४४४ ने भागले की ०.८१९ येते. काउंटर-स्ट्राइकच्या खेळाडूंमध्ये झूम सेन्सिटिव्हिटीचा ०.८२ हा आकडा जो तोंडोतोंडी फिरतो, त्याचा उगम हा आहे.

ओव्हरवॉचमध्ये हीच कल्पना वेगळ्या रीतीने मांडलेली असते. तिथला टक्का थेट साध्या वेगाचा टक्का असतो, त्यामुळे विडोमेकर या स्नायपर पात्राच्या स्कोपसाठी हाच निकष लावल्यास, दृश्यकोन १०३ अंश असताना, ३७.८९ टक्के ठेवावे लागतात. एका गेममधला झूमचा आकडा दुसऱ्यात उतरवून घेणे म्हणूनच निरर्थक आहे. कॉल ऑफ ड्यूटी आणि बॅटलफिल्ड या मालिकांनी हे गणित गेममध्येच दिले आहे. त्यांच्या मेनूत स्कोपसाठी एक कोइफिशंट असतो, आणि तो शून्य केला की सगळ्या स्कोपमध्ये मध्यभागाची हालचाल आपोआप जुळते.

ज्याने काउंटर-स्ट्राइकमध्ये झूमचा गुणक १ ठेवून हजारो नेम मारले आहेत, त्याने केवळ गणितासाठी तो बदलू नये, असे माझे मत आहे. बसलेला हात मोडण्याइतका फायदा त्यातून मिळत नाही.

जुळवूनही वेगळे का वाटते

अंतर मिलिमीटरपर्यंत जुळूनही पहिल्या दिवशी गेम जड किंवा हलका वाटू शकतो. याची बहुतेक कारणे डोळ्यांशी संबंधित असतात. काउंटर-स्ट्राइकचे ९० अंश हे जुन्या ४:३ पडद्याच्या हिशेबातले आहेत, आणि आजच्या १६:९ पडद्यावर ते सुमारे १०६ होतात. व्हॅलोरंटचे १०३ हे मात्र १६:९ चेच आहेत. त्यामुळे व्हॅलोरंटमध्ये सगळे सुमारे सहा टक्के मोठे दिसते आणि मध्यभागी तितकेच वेगाने सरकताना भासते. त्याची भरपाई करायची तर ०.३१४ ऐवजी ०.२९६ ठेवावे लागेल, पण मग वळण्याचे अंतर बिघडेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. साध्या नेमासाठी फेरीचे अंतर राखावे आणि सहा टक्क्यांची सवय डोळ्यांना होऊ द्यावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ चित्र ताणून पूर्ण पडद्यावर पसरवणाऱ्या खेळाडूंना हा फरक आणखी जाणवतो. ताणलेल्या चित्रात आडवी हालचाल एक-तृतीयांशाने वेगवान दिसते, उभी तशीच राहते. पात्र मात्र तितकेच अंश वळत असते, म्हणून आकडा बदलण्याची गरज नसते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, कापडी पॅड दमट होते आणि माउस घासल्यासारखा सरकतो. खेळाडूला वाटते की सेन्सिटिव्हिटी कमी झाली, आणि तो आकडा वाढवतो. अशा वेळी आधी पट्टीने मोजावे. अंतर तेच असेल तर पॅड कोरडे करावे, माउसच्या तळाचे पाय पुसावेत आणि आकड्याला हात लावू नये.

नवा आकडा ठेवल्यावर किमान आठवडाभर तो बदलू नये. रोज सामन्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे सरावाच्या नकाशात आधी सावकाश आणि मग वेगाने एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर क्रॉसहेअर न्यावे. सतत लक्ष्याच्या पुढे जात असल्यास किंवा सतत अलीकडे थांबत असल्यास आठवड्यानंतर आकडा पाच टक्क्यांनी हलवावा, आणि तो हलवताना सर्व गेममध्ये एकाच वेळी हलवावा.

माउस बदलला की मात्र मोजमाप पुन्हा करावे लागते. खोक्यावर ८०० डीपीआय लिहिलेले दोन माउस प्रत्यक्षात थोडे वेगवेगळे काउंट पाठवू शकतात. समजा, नव्या माउसने तीच फेरी ५२ ऐवजी ५३.५ सेंटीमीटरमध्ये होत आहे, तर प्रत्येक गेमचा आकडा ५३.५ ने गुणून ५२ ने भागावा: काउंटर-स्ट्राइक आणि एपेक्समध्ये १.०३, व्हॅलोरंटमध्ये ०.३२३ आणि ओव्हरवॉचमध्ये ३.४३.